आधी आजीची टाच, मग प्रोजेक्ट

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातली, बीएस्सी नर्सिंग करते. आमच्या पाच जणींच्या ग्रुपला रिसर्च प्रोजेक्टसाठी विषय मिळालाय, 'नर्सिंगच्या विद्यार्थिनींना त्वचेच्या कॅन्सरबद्दल आणि उन्हापासून बचावाबद्दल किती माहिती आहे'. बाकी ग्रुपना डायबेटिस, ब्रेस्ट कॅन्सर असले विषय आहेत आणि आमच्या विषयाला सगळे हसतात, म्हणतात हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्या काळ्या कातडीला काय होतंय. प्रश्नावली एका परदेशी पेपरमधून घेतलीये, त्यात उन्हात लोळण्याचे आणि टॅनिंगच्या मशीनचे प्रश्न आहेत. मलाही वाटायला लागलंय की विषय बदलून मागावा. होस्टेलमध्ये सनस्क्रीन बऱ्याच जणी लावतात पण काळं पडू नये म्हणून. माझी रूममेट मेडिकल स्टोअरमधून आणलेलं गोरं व्हायचं क्रीम लावते, हल्ली उन्हात गेली की तिचं तोंड लालबुंद होतं. आणि एक विचारायचं राहिलं, माझ्या आजीच्या टाचेवर काळा डाग आहे, दिवाळीत लहान होता, आता मोठा वाटतो, मधून थोडं पाणी येतं. ती म्हणते काटा रुतला होता. त्याला काय लावायला सांगू?

उत्तर:

अगं, प्रोजेक्टचं सगळं बोलू आपण, पण पत्राच्या शेवटी तू जे आजीच्या टाचेचं लिहिलंयस ते मला आधी घ्यायचंय. त्याला काहीही लावायला सांगू नकोस. हळद नको, मलम नको, कॉर्न कॅप नको, ब्लेडने तासणं तर अजिबात नको. याच आठवड्यात तिला स्किन ओपीडीत घेऊन जा.

काळा डाग म्हणजे कॅन्सरच असं मी म्हणत नाहीये हं. टाच काळी पडायची कितीतरी साधी कारणं असतात, काटा आत राहिला असेल, रक्त साकळलं असेल, कुरूप असेल, आणि आपल्याकडे बिब्बा असतोच, काटा रुतला की बिब्ब्याचा चटका द्यायचा आणि मग तो डाग कितीतरी दिवस काळाच राहतो. तर आजीला विचार, बिब्बा लावला होता का, कधी लावला. पण बिब्ब्याचा डाग हळूहळू फिका होतो, कातडी सोलून निघते, तो दिवाळीपासून आजपर्यंत वाढत राहत नाही. तळपायावरचा वाढणारा, ओला होणारा काळा डाग काय आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं नसतं, त्याचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघायचा असतो.

एवढं ठामपणे सांगतेय त्याला कारण आहे. मी वॉर्डात असताना एक मावशी होत्या, शुगर होती त्यांना, टाचेला जखम. चार महिने आम्ही आळीपाळीने ड्रेसिंग केलं. फाईलवर डायबेटिक फूट लिहिलेलं होतं म्हणून आम्हीही जखमेत तेच बघत राहिलो. जखमेच्या कडेला एक काळपट रेघ होती, ती मला दिसत होती, रोज दिसत होती, आणि मी तो बेटाडीनचा डाग समजून पुसत राहिले. शेवटी एका नव्या रेसिडेंट डॉक्टरने बायोप्सी पाठवली आणि मेलेनोमा निघाला, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तोवर जांघेत गाठ आलेली होती, म्हणजे तो पसरला होता. डॉक्टरांनी ती जखम आठवड्यातून एकदा पाहिली असेल, मी रोज पाहत होते. इतकी वर्षं झाली तरी मला ते लागतं, आणि म्हणून तू विषय बदलून मागायचं म्हणतेस ते वाचून मला गप्प बसवलं नाही.

आता मैत्रिणींचं. त्या अर्ध्या बरोबर आहेत. आपल्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, जास्त, ते उन्हातली अतिनील किरणं बरीच अडवतं, आणि भारतातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्वचेचा कॅन्सर साधारण १ टक्का किंवा त्याहून कमीच भरतो. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीची माणसं आणि कडक ऊन असा योग आहे, तिथे मेलेनोमा आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त, म्हणून तिथे १९८१ साली एका समुद्रपक्ष्याचं कार्टून करून टीव्हीवर घरोघरी शिकवलं की शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. आणि बघ, त्याच १९८१ साली मे महिन्यात बॉब मार्ली गेला, जमैकाचा गायक, वय फक्त ३६. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलेनोमा होता. आधी फुटबॉल खेळताना लागलंय असंच वाटलं होतं. तुझी आजी म्हणते काटा रुतला होता. मैत्रिणी पुन्हा हसल्या तर त्यांना एवढंच सांग.

सावळ्या-काळ्या लोकांमध्ये मेलेनोमा होतो तेव्हा तो बरेचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली असतो, म्हणजे जिथे ऊन जवळपास पोचतच नाही तिथे. तो उन्हामुळे होत नाही. म्हणजे आजीने जन्मभर सनस्क्रीन लावलं असतं तरी टाचेला त्याचा उपयोग नव्हता. तुमच्या प्रोजेक्टच्या नावात 'त्वचेचा कॅन्सर' आणि 'उन्हापासून बचाव' हे दोन एका दोरीत बांधलेत ना, ती गाठ गोऱ्या देशांतल्या पुस्तकांनी बांधलेली आहे, त्यांच्यासाठी ती बरोबरच आहे. आपल्याकडे ती सोडवून दोन वेगळे विषय करून शिकवावं लागतं, आणि हे तुमच्या ग्रुपने नीट मांडलं तर तुमचा प्रोजेक्ट बाकी सगळ्यांपेक्षा उजवा होईल असं मला मनापासून वाटतं.

आणि आपले त्वचेचे कॅन्सर आपल्याच राहणीतून आलेले आहेत गं, ते परदेशी पेपरात कसे सापडतील. १९४५ साली टाटा हॉस्पिटलच्या डॉ. खानोलकरांनी सहकारी सूर्याबाईंबरोबर एक पेपर लिहिला, त्यात धोतराचा कॅन्सर सांगितलाय, कमरेला घट्ट धोतर बांधून बांधून त्याच पट्ट्यात होणारा. काश्मीरमध्ये थंडीत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, पोटाशी धरतात, तिच्या धगीने पोटावर आणि मांड्यांवर होतो. आणि हे जुनं झालं असं समजू नकोस, २०२४ साली तुमच्या शेजारच्या वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी मिळून दोन बायकांच्या केसेस छापल्या, कमरेवर जिथे परकराचा नाडा नाहीतर लुगड्याची गाठ घट्ट बसते तिथेच न भरणारी जखम, एकीची तर दीड वर्ष भरली नव्हती, आणि तपासल्यावर कॅन्सर निघाला. आता मला सांग, तुझ्या आईच्या, मावशीच्या, काकूच्या कमरेला नाड्याचा काळा वळ आहे की नाही? आहेच, सगळ्यांच्या असतो. तो वळ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण तिथे खपली धरतेय, पुन्हा सोलतेय, ओलं राहतंय असं असेल तर नाडा ढिला करायचा, रुंद पट्टी लावायची, दर वेळी जरा खालीवर बांधायचं, आणि तरी महिनाभरात भरलं नाही तर दाखवायचं. हे सांगायला सनस्क्रीनची ट्यूब लागत नाही.

तसंच जुन्या भाजल्याच्या वणाचं. लहानपणी चुलीवर भाजलेलं असतं, कातडी आखडलेली असते, आणि वीस-तीस वर्षांनी त्या वणातच जखम होते आणि भरत नाही, तीही बायोप्सीला पाठवायची. कुष्ठरोगात पायाच्या बधिरपणामुळे तळव्याला जखम होते, ती वर्षानुवर्षं राहिली तर तिचाही कॅन्सर होऊ शकतो, आणि आपला विदर्भ म्हणजे आनंदवन, दत्तपूर, तपोवन या कुष्ठसेवेच्या संस्थांचा भाग, इथल्या नर्सला हे माहीत नसलं तर कुणाला असणार. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत तुम्ही घरोघरी जाता, चट्टा दिसतोय का बघता, मग तेव्हाच चपला काढायला लावून तळपाय पण बघा ना, दोन मिनिटं जास्त लागतील. सरकारच्या तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, त्वचेचा नाहीये, म्हणजे मुद्दाम बघायला कुणी येणार नाहीये.

म्हणूनच मला वाटतं हा विषय डॉक्टरांपेक्षा आधी नर्सचा आहे. स्पंज बाथ कोण देतं, बॅक केअर कोण करतं, कॅथेटर, एनिमा, प्रेशर पॉइंट, बोटांच्या बेचक्या पुसणं, हे सगळं आपण करतो. पेशंटची पाठ, तळवे, कंबर त्याच्या स्वतःच्या घरच्यांनी पाहिलेली नसते ती आपण पाहतो. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा पेशंट चादर ओढून पडलेला असतो. तुमच्या मैत्रिणींना एवढं कळलं तरी पुरे की न भरणारी जखम, रक्त येणारी गाठ, मोत्यासारखी चमकणारी कड, वाढणारा काळा डाग हे दिसलं की नर्सेस नोट्समध्ये लिहायचं, कुठे आहे, किती सेंटीमीटर आहे, आणि सिस्टर इन्चार्जला तोंडी सांगायचं. नखाचंही लक्षात ठेवा. आपल्या सावळ्या लोकांत दोन-चार नखांवर उभ्या काळपट रेघा असणं साधं आहे, त्याने घाबरायचं नाही, पण एकाच नखावर नवी रेघ आली, रुंद होत चाललीय, काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलाय, तर पाठवायचं. जोडवी असतील तर बोटावरून सरकवून बघायचं, आळता-मेंदी असेल तर निघून गेल्यावर परत बघायचं.

यात वेळेला का महत्त्व आहे सांगते. मेलेनोमात तो कातडीत किती खोल गेलाय हे मिलिमीटरमध्ये मोजतात, १ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा कापून काढला की माणूस बरा होतो, खोल गेला की सगळं अवघड होत जातं. आपल्याकडे लोक उशिरा येतात कारण तळपाय दुखत नाही आणि कुणी बघत नाही.

प्रश्नावली बदला, हे मी स्पष्टच सांगते. गाईड मॅडमना नीट समजावून सांगा, व्हॅलिडेशनला पुन्हा द्यावी लागेल, पंधरा दिवस जास्त जातील, जाऊ देत. उन्हात लोळता का, टॅनिंग मशीन वापरता का, हे प्रश्न यवतमाळच्या मुलीला विचारून काय कळणार, सगळ्या नाही म्हणणार आणि तुमच्या टेबलात सगळ्यांची वागणूक उत्तम दिसणार. त्यापेक्षा विचारा, सावळ्या माणसात मेलेनोमा कुठे शोधाल. किती दिवस जखम भरली नाही तर बायोप्सीसाठी कळवाल. कोणत्या औषधांनी उन्हाचा त्रास वाढतो. तोंडाला काय लावता, ते कुणी सांगितलं, त्यात काय आहे ते वाचलंय का. गेल्या वर्षभरात घरातल्या कुठल्या म्हाताऱ्या माणसाचा तळपाय तुम्ही हातात घेऊन पाहिलाय. हा शेवटचा प्रश्न ठेवाच. तीळ-डाग बघायचे जे इंग्रजी अक्षरांचे नियम पुस्तकात आहेत, दोन बाजू सारख्या नसणं, कड वेडीवाकडी, रंग मिसळलेले, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, बदलत जाणारा, तेही ठेवा, तुमच्यातल्या कितीतरी जणी पुढे बाहेरदेशी जातील, तिथल्या पेशंटसाठी ते रोजच्या कामाचं आहे. फक्त त्यातला 'बदलतोय का' हा इथेही सगळ्यात कामाचा.

मग ऊन सोडूनच द्यायचं का? नाही. पण कुणासाठी ते आधी ठरवायचं. जन्मतःच अंगात रंग नसलेली मुलं असतात ना, केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, डोळे चुरचुरतात, गावात त्यांना इंग्रज म्हणून चिडवतात, त्यांना कोड नसतं, कातडीत मेलॅनिनच तयार होत नाही किंवा फारच थोडं होतं. त्या मुलांसाठी सनस्क्रीन म्हणजे औषध आहे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद टोपी, गॉगल हे लहानपणापासून पाहिजे, नाहीतर ऐन तारुण्यात चेहऱ्यावर, कानावर कॅन्सर होतो. स्कूल हेल्थच्या पोस्टिंगला असं एक मूल जरी दिसलं तरी त्याच्या आईला बसवून समजावून सांग आणि पीटीच्या तासाला त्याला सावलीत ठेवायला मास्तरांना सांग. दुसरे, किडनी बदललेले पेशंट, त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, त्यांच्यातही त्वचेचा कॅन्सर जास्त होतो. आणि औषधं. पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो तिथे डॉक्सीसायक्लिन वाटतात, ती गोळी देताना किती जणी सांगतात की बाबा उन्हात जपून, कातडी भाजल्यासारखी होईल? बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाईड, कोडावरची बावची, हे पण त्यातलेच. औषध आपण हातात देतो तर हे सांगणंही आपलंच काम आहे.

शेतातल्या बायांना सनस्क्रीनचं लेक्चर देऊ नका प्लीज. त्या साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात, मे महिन्यात पहाटे जाऊन अकराच्या आत परत येतात, त्यांना जे येतं ते आपल्यापेक्षा चांगलं येतं. त्यांना सांगायचं ते खालच्या ओठाचं, पांढरट होऊन सारखा सोलत असेल तर दाखवा, त्यात तंबाखूची चिमूट तिथेच धरत असतील तर लवकर दाखवा.

तुमच्यासाठी म्हणशील तर, आपल्यासारख्या कातडीत रोज सनस्क्रीन लावून कॅन्सर टळतो असा पक्का पुरावा नाहीये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या एका गावात १९९२ पासून काही वर्षं लोकांना रोज सनस्क्रीन लावायला लावून मोजलं, तिथे एका प्रकारचा कॅन्सर साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला, पण ती कातडी वेगळी. आपल्याला वांग, काळे डाग, भाजणं यासाठी त्याचा उपयोग होतो आणि काळं पडू नये म्हणून लावत असाल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त नीट लावा. एसपीएफ ३० पुरे, तो कातडी भाजणारी किरणं जवळपास ९७ टक्के अडवतो आणि ५० वाला ९८, एवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका, त्यापेक्षा पाकिटावर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं आहेत का बघा, म्हणजे दुसऱ्या प्रकारची किरणंही अडतात. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं, दर दोन तासांनी परत. हिशोब कर, असं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही टिकत नाही, म्हणून होस्टेलच्या पैशात कपडा आधी, स्कार्फ, सनकोट, छत्री, आणि क्रीम उरल्या जागेपुरतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान दिसली की ऊन कडक आहे समजायचं, ढग असले तरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचं माप, ११ च्या वर जातो आणि ३ पासूनच जपायला सांगतात, तर कम्युनिटीच्या घरभेटी दहाच्या आत उरकून घेता येतील का हे मॅडमना विचारा, पाच जणींनी मिळून विचारलं तर ऐकतील.

रूममेटचं मात्र थांबवायला पाहिजे. तिच्या क्रीमच्या पाकिटावर बारीक अक्षरात मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असलं काही लिहिलंय का बघ, असेल तर ते स्टेरॉइड आहे, बरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते मिश्रण वांगावर डॉक्टरच्या देखरेखीत थोडे दिवस द्यायचं असतं, गोरं व्हायला नाही. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नका असं केलं, तरी मिळतात. कातडी पातळ होते, म्हणून उन्हात तोंड लाल होतंय. तिला रागावू नकोस, आणि एकदम बंदही करायला लावू नकोस, एकदम सोडलं की चेहरा आणखी भडकतो आणि मुली घाबरून परत तेच लावतात. स्किनच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सांगण्याने सोडवा. ती सावळी आहे म्हणून कुणीतरी तिला काहीतरी बोललेलं असणार, ते ती तुला रात्री कधीतरी सांगेल, तेव्हा ऐकून घे.

आता परत आजी. ती येणार नाही म्हणेल, मले काय झालं म्हणेल, ते गृहीत धर. खोटं सांगून नेऊ नकोस. सांग की डाग वाढलाय, मला तो डॉक्टरांना दाखवायचाय, आणि तुकडा काढतील तर इंजेक्शन देऊन बधिर करून काढतील, मी तिथेच उभी राहीन. जायच्या आधी आज घरी फोन करून भावाला सांग, डागाशेजारी शाळेतली पट्टी ठेवून उजेडात फोटो काढून पाठव, तारीख लिहून ठेव. जांघेत काही गाठ लागते का हे तू स्वतः हात लावून बघ. जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजची स्किन ओपीडी सकाळी असते, आधार आणि रेशनकार्ड बरोबर घे, पुढे नागपूरला पाठवायची वेळ आलीच तर महात्मा फुले योजनेसाठी तीच कागदं लागतात. आजी पंचाहत्तरच्या पुढची असेल तर एसटी फुकट आहे, तुला अर्धं तिकीट. सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, दुपारच्या उन्हाआधी परत याल.